काचेशी वैर

आमच्या शाळेतल्या इतिहासाच्या सरांना लोकांनी वेडं ठरवलं, त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. ठरवणाऱ्यांतले बरेचसे आज हयात नाहीत. माझा राग मात्र शाबूत आहे. इंदिरानगरच्या माझ्या घरी आजही कोणी त्यांचा विषय काढून 'तेच ना, भर सभेत फ्रेम उखडणारे?' असं हसत विचारलं, की मी त्या माणसाला चहा विचारत नाही.

सर विक्षिप्त होते, हे मी नाकारत नाही. जुन्या नाशकातल्या आमच्या शाळेत ते सायकलवरून यायचे आणि कॅरिअरला दोरीने बांधलेली एक पत्र्याची ट्रंक असायची. खिशात पेनाऐवजी साबणाची डबी. मधल्या सुट्टीत शिक्षक खोलीत शिरायचे, समोर जो दिसेल त्याला हात धुऊन यायला सांगायचे आणि तो परत आला की ट्रंकेतली एखादी वस्तू त्याच्या हातात ठेवून म्हणायचे, "धरा." थोड्या वेळाने विचारायचे, "काय कळलं?"

आमच्यासारख्या नव्या शिक्षिकांची फार पंचाईत व्हायची. मला त्यांनी पहिल्यांदा दिला तो एक पितळी तांब्या. मी म्हटलं, जुना आहे. ते म्हणाले, "ते डोळ्यांना कळलं. हाताला काय कळलं?" मी म्हटलं, जड आहे. त्यावर ते खूश झाले. चांदवडकडच्या एका म्हाताऱ्याचा तो तांब्या. मंदिर प्रवेशाच्या सत्याग्रहाला तो माणूस गावाहून चालत नाशकात आला, तेव्हा वाटेत कोणी पाणी देणार नाही म्हणून हा तांब्या भरून आणला होता. "आता तो भरलेला आहे असं समजा," सर म्हणाले, "आणि चांदवडपासून चाला."

ट्रंकेत सगळं असंच होतं. सत्याग्रहाला गेलेल्या साध्या माणसांनी जपलेलं. हस्तपत्रकं, बिल्ले, तुटक्या वहाणा, लाठीने फाटलेली एक बंडी. सुट्टी लागली की सर गावोगाव फिरून म्हाताऱ्यांकडून ते मागून आणायचे. प्रत्येक वस्तूच्या मालकाचं नाव, गाव त्यांना पाठ होतं आणि ते नाव ऐकून घेतल्याशिवाय ते वस्तूला हात लावू द्यायचे नाहीत.

काच मात्र त्यांना खपत नसे. शाळेच्या ग्रंथालयातल्या कपाटाच्या काचा त्यांनी एका रविवारी येऊन स्वतः काढून ठेवल्या होत्या. मुख्याध्यापकांनी जाब विचारल्यावर म्हणाले, मुलं पुस्तकं बघून पुढे जातात, काढत नाहीत. मेन रोडजवळच्या गल्लीत एक फ्रेमवाला होता. सर जाता येता त्याच्या दुकानापाशी थांबायचे आणि गिऱ्हाइकांना विचारायचे, हे तुम्ही हातात घेऊन शेवटचं कधी पाहिलंत? गिऱ्हाईक गोंधळायचं. एकदा त्या फ्रेमवाल्याने हात जोडून त्यांना सांगितलं, "गुरुजी, माझ्या पोटावर का येता?" त्यानंतर ते समोरच्या फुटपाथवरून बघत राहायचे, पण बोलायचे नाहीत.

हे त्यांचं वैर उगाच नव्हतं, हे मला वकीलसाहेबांच्या घरी कळलं. वकीलसाहेब म्हणजे आमच्या बौद्ध वसाहतीतले पहिले वकील. आम्हा सगळ्यांनाच त्यांचा अभिमान होता. ते संग्राहकही होते आणि थोरामोठ्यांच्या सह्यांची पत्रं जमवायचे. त्यांच्या दिवाणखान्यात छतापर्यंत फ्रेमा होत्या. काळ्या पट्टीच्या, सोनेरी पट्टीच्या, नक्षीच्या. एकदा मी आणि सर वसाहतीच्या कामासाठी गेलो असताना त्यांनी आम्हाला त्या हौसेने दाखवल्या. कुठली पट्टी कुठून मागवली, काच कुठली, आतला मखमली कागद कुठला, सगळं सांगितलं. सरांनी मध्ये एका पत्राकडे बोट दाखवून विचारलं, "याच्या मागच्या बाजूला काय लिहिलंय?"

मागेही मजकूर होता खरा, वकीलसाहेब म्हणाले. पण आता आठवत नाही. फ्रेम करून बरीच वर्षं झाली.

"म्हणजे अर्धंच पत्र तुमच्याकडे आहे," सर म्हणाले.

वकीलसाहेबांनी हसून विषय बदलला. पण ते दुखावले, हे मला दिसलं. बाहेर आल्यावर मी सरांना बोलले. त्यांच्या घरात त्यांचा अपमान करायची काय गरज होती? सर म्हणाले, "अहो, पत्र मिळालं तेव्हा हाच माणूस माझ्याकडे धावत आला होता. उभ्या उभ्या दोन्ही बाजू वाचून दाखवल्या, डोळ्यांत पाणी होतं. आज पट्टीचा भाव सांगतोय."

सरांचं सगळं मला पटत होतं असं नाही. ती हस्तपत्रकं ते वर्गात फिरवायचे. चाळीस वर्षं जुना कागद, आठवीची पोरं. घड्यांवर तो फाटत चालला होता. एकाचे तर चार तुकडेच झाले. मी त्यांना स्पष्ट सांगितलं, की तुमच्या हौसेपायी हा कागद मरतोय. "मरू दे," ते म्हणाले, "वाचला जाऊन मरू दे." मला तो बेजबाबदारपणा वाटला. आजही वाटतो.

पण ट्रंकेतल्या एका कापडी पट्टीची गोष्ट वेगळी.

ती सायखेड्याच्या भागूबाईंची. सत्याग्रहाला त्या आईबरोबर गेल्या तेव्हा तेरा-चौदा वर्षांच्या होत्या. दंडाला बांधायची पांढरी सुती पट्टी, तिच्यावर निळ्या दोऱ्याने 'सत्याग्रही' अशी अक्षरं. ती अक्षरं आईने भरलेली. आईला वाचता येत नव्हतं, त्यामुळे कोणीतरी कोळशाने काढून दिलेल्या रेषांवरून टाके घातलेले आणि 'ग्र' पार बिघडलेला. देवळापाशी रेटारेटी झाली, पट्टी घसरायला लागली, तेव्हा आईने ती लेकीच्या दंडावर करकचून बांधली. घरी आल्यावर गाठ काही सुटेना. मग भागूबाईंनी दंडाला तेल लावून पट्टी तशीच सरकवून काढली. त्याच वर्षी आई तापाने गेली. भागूबाईंनी गाठ कधी सोडली नाही.

म्हणजे ती पट्टी राहिली नव्हती, तिचं कडं झालं होतं. सर ते वर्गात न्यायचे आणि मुलांना म्हणायचे, घालून बघा. मोठ्या मुलांच्या कोपरापाशीच ते अडायचं. माझ्या तर मनगटाच्या जरा वर. एखादी काडीसारखी पोरगी उठायची आणि तिच्या दंडावर मात्र ते बरोबर बसायचं. हे मी मागच्या बाकावर बसून पाहिलं आहे. 'लहान मुलीही सत्याग्रहात होत्या' हे वाक्य पुस्तकात होतं. पण मुलांना ते त्या पोरीच्या दंडाकडे बघून कळायचं.

आणीबाणीच्या आधीच्या वर्षी वसाहतीचं समाजमंदिर बांधून झालं. वकीलसाहेब समितीचे अध्यक्ष. उद्घाटनाला सरांच्या आणि माझ्या शिक्षण संस्थेचे अध्यक्षच पाहुणे म्हणून येणार होते. समोरच्या भिंतीवर सत्याग्रहाची एखादी खूण असावी असं ठरलं आणि वकीलसाहेबांनी पट्टी मागितली. सरांनी नाही म्हटलं. वकीलसाहेब सायखेड्याला भागूबाईंकडे गेले.

भागूबाईंना ते आवडलं. का आवडू नये? ज्या बाईला एका दारातून हाकललं होतं, तिची वस्तू आता आपल्या लोकांच्या इमारतीत समोरच्या भिंतीवर लागणार होती. सर त्यांना समजावायला गेले तेव्हा मीही बरोबर होते. त्या म्हणाल्या, "मास्तर, तुमी पोरान्ला दावता ते लय चांगलं हाय. पन भितीला लागंल तर माझ्या नातवंडान्ला दिसंल. लावू द्या."

वस्तू सरांची नव्हती. परत आल्यावर त्यांनी पट्टी वकीलसाहेबांच्या हातात दिली आणि दोनच गोष्टी मागितल्या. डिंक लावायचा नाही, गाठीला हात लावायचा नाही. वकीलसाहेबांनी माझ्यासमोर हो म्हटलं.

उद्घाटनाच्या दिवशी समाजमंदिर खचाखच भरलं होतं. भागूबाई नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत, शेजारी त्यांची नात. पाहुण्यांनी पडदा बाजूला केला. रुंद सोनेरी पट्टीची फ्रेम, आत लालभडक मखमल आणि तिच्यावर इस्त्री केलेली, दोन्ही टोकं सरळ कापलेली एक पांढरी पट्टी. खाली वकीलसाहेबांच्या सौजन्याने, अशी पितळी पाटी. टाळ्या पडल्या.

भागूबाई नातीकडे वळल्या आणि त्यांनी विचारलं, "ही कोनाची म्हनायची?"

सर त्यांच्या मागेच बसले होते. ते उठले, मंचावर गेले, पाहुण्यांच्या शेजारची खुर्ची ओढली, तिच्यावर चढले आणि त्यांनी फ्रेम उतरवली. कोणाला काही कळायच्या आत ती टेबलावर पालथी घालून सायकलच्या किल्लीने मागचे खिळे उचकटले. पट्टी मखमलीला चिकटवलेली होती. त्यांनी कोपरा उचलून पाहिला, धागा तुटायला लागला, तसा हात मागे घेतला.

"गाठ कोणी सोडली?" त्यांनी विचारलं.

फ्रेमवाला सभेतच होता. त्याला बिचाऱ्याला वाटलं, आपलं कौतुक चाललं आहे. तो उभा राहून म्हणाला, "मीच, गुरुजी. गाठीमुळं काच बसत नव्हती. साहेब म्हणाले, सपाट करा. रात्रभर पाण्यात भिजवली तेव्हा सुटली. लई मेहनत पडली."

त्याच्यावर मी कधीच रागावले नाही. त्याला कोणी काही सांगितलंच नव्हतं.

वकीलसाहेब सरांचा दंड धरून दातांतल्या दातांत म्हणाले, की तुम्ही सगळ्या समाजाची शोभा करताय. एक चुरगळलेलं फडकं होतं, मी त्याचं स्मारक केलं.

"कडं होतं ते," सर म्हणाले. "तुम्ही त्याचं फडकं केलंत."

ते मोठ्याने बोलले नव्हते, पण माईक चालू होता. सगळ्यांनी ऐकलं. पाहुणे उठून उभे राहिले. तेवढ्यात भागूबाई पुढे आल्या. टेबलावरच्या पट्टीवर, जिथे गाठ असायची त्या जागी त्यांनी अंगठा फिरवला. तिथे आता कापडाची सुरकुतीसुद्धा नव्हती. मग त्या म्हणाल्या, "लावा परत, मास्तर. लोक बसल्यात."

माझा सगळा संताप त्या एका वाक्याशी जाऊन थांबतो. त्या सभेत आईच्या हातची शेवटची गोष्ट गेली होती ती एकट्या भागूबाईंची, आणि सभेची अब्रू सांभाळली तीही एकट्या त्यांनीच. बाकीचे आम्ही खुर्च्यांवर बसून होतो.

सरांची बदली झाली. संस्थेची एक शाळा पेठ तालुक्यात डोंगरात होती, तिथे. कारण काय दिलं, तर शाळेची गरज. वसाहतीत म्हणायला लागले, मास्तरचं डोकं फिरलंय, एका चिंधीपायी नोकरी घालवत होता. ज्यांच्या पोरांनी त्या चिंधीत हात घालून पाहिला होता, तेही म्हणाले.

जाण्यापूर्वीच्या उन्हाळ्यात सरांनी ट्रंक रिकामी केली. ज्याची वस्तू त्याला नेऊन दिली. चांदवडच्या फेरीला मी बरोबर गेले. तांब्याचा मालक वारला होता. त्याच्या सुनेने तांब्या घेतला, घासला आणि त्यातूनच आम्हाला पाणी आणून दिलं. सरांचा चेहरा इतका उजळलेला मी पूर्वी पाहिला नव्हता. पण त्याच गावात दुसऱ्या घरी हस्तपत्रकाचे ते चार तुकडे दिले, तर नातवाने ते उलटसुलट करून पाहिले आणि डुगडुगणाऱ्या रेडिओखाली घडी करून सारले. सरांनी ते पाहिलं आणि वहाणा घातल्या.

एस.टी.त मी बोलले. म्हटलं, हे तुमच्या ट्रंकेत राहिलं असतं तर वाचलं असतं.

"माझ्या ट्रंकेत?" ते म्हणाले. "आणि मी गेल्यावर ट्रंक न्यायला कोण आलं असतं? वकीलसाहेबच ना?"

मी आणखीच चिडले. नाशिक येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.

भागूबाई गेल्या त्या ऐंशीनंतर. आदल्या दिवशी नातीला म्हणाल्या होत्या, की माझ्यासंगं ती पट्टी द्या. नात सकाळीच माझ्या दारात आली. सरांना निरोप पाठवून आम्ही दोघी वकीलसाहेबांकडे गेलो. त्यांनी आम्हाला बसवलं, हळहळ व्यक्त केली आणि सांगितलं, की पट्टी आता समाजमंदिराची मालमत्ता आहे. ती हलवायला समितीचा ठराव लागेल. सभा पुढच्या महिन्यात.

"तोपर्यंत आजींना कुठे ठेवायचं?" मी विचारलं.

त्यांनी मला भावनेच्या भरात बोलू नका असं सांगितलं. नात रडत होती आणि तिच्या डोक्यावर, भिंतभर, थोरामोठ्यांच्या सह्या लटकत होत्या.

सर दुपारच्या एस.टी.ने थेट सायखेड्याला आले. गोदावरीच्या काठावर भागूबाईंना अग्नी दिला, तेव्हा त्यांचे दोन्ही दंड मोकळे होते. वकीलसाहेबांनी हार पाठवला होता. भाषणं झाली. सरांना बोला म्हटलं तर त्यांनी नकाराची मान हलवली. परतताना फाट्यावर उभं असताना मला म्हणाले, "बाई, तुम्ही समितीत शिरा."

मी म्हटलं, त्या लोकांत? शक्य नाही.

"मी उखडलो. उखडणाऱ्याची बदली होते," ते म्हणाले. "ठराव लागतो म्हणतात ना? मग हात वर करणारी माणसं लागतील."

मी शिरले. समितीतली पहिली बाई. ती वर्षं मी फार कडवट होऊन काढली. दरवर्षी मी पट्टीचा विषय मांडायचे आणि दरवर्षी तो पाण्याची टाकी आणि मांडवाच्या खर्चाखाली दबायचा. दर जयंतीला फ्रेमला हार पडायचा. हार इतका जाड असे की आतलं काही दिसत नसे, आणि कोणी बघतही नसे. एकदा एका तरुण सूत्रसंचालकाने ती पट्टी म्हणजे सत्याग्रहात वापरलेला रुमाल, असं सांगितलं. समोर बसलेल्या एकालाही ते खटकलं नाही. मी उभी राहून भागूबाईंचं नाव सांगितलं. लोक शिष्टाचार म्हणून ऐकत राहिले. मागून कोणीतरी म्हणालं, फ्रेम मात्र भारी आहे.

ऐंशीचं दशक सरता सरता पट्टी नातीला परत द्यायचा ठराव झाला. समितीत तोवर माझ्या दोन विद्यार्थिनी आल्या होत्या. वकीलसाहेब थकले होते, काठी घेऊन आले होते. विरोधात हात मात्र त्यांनी वर केला. सभा संपल्यावर माझ्याजवळ येऊन म्हणाले, "बाई, मी त्या बाईचा मानच केला होता." ते खोटं बोलत नव्हते. म्हणूनच मला त्यांना माफ करता येत नाही.

भागूबाईंच्या नातीने आणि मी पट्टी मखमलीसकट पाण्यात ठेवली. डिंक सुटला, पण मखमलीचा लाल रंग कापडात उतरला. अक्षरं राहिली होती. नातीने ती सायखेड्याला नेली आणि शिवणयंत्राच्या खणात ठेवली. कोणी विचारलं तर काढून हातात देते.

त्यानंतरच्या जयंतीला मी समाजमंदिरात गेले, तर समोरच्या भिंतीवर तीच रुंद सोनेरी फ्रेम. आत वकीलसाहेबांचा कोट घातलेला मोठा फोटो. समितीतल्या एकाला विचारलं, तर तो म्हणाला, "फ्रेम चांगली होती, वाया कशाला घालवायची?"

पुढच्या रविवारी मी पेठला गेले. सर निवृत्त होऊन तिथेच राहिले होते, दोन खोल्यांत, अंगणात शेवग्याचं झाड. मी त्यांना सगळं सांगितलं. सांगताना माझा आवाज इतका चढला, की शेजारची बाई दारात येऊन उभी राहिली.

सर ऐकत होते. हसले नाहीत, चिडलेही नाहीत. मी थांबल्यावर त्यांनी माझ्यापुढे पाणी ठेवलं.

"बरं झालं," ते म्हणाले. "ती भिंत कोणाची आहे, ते आता लोकांना कळेल."